वारे उजवीकडे का वळतात

बदाम मोजायची वेळ आपल्यावर येईल असं बाळासो नेर्लेकर सरांना अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत कधी वाटलं नव्हतं. मंगळवारी चौथ्या तासाला, नववी ‘ब’च्या वर्गात, मोठ्या टीव्हीसमोर उभे राहून ते मोजत होते. चार. नऊ. सतरा. पसंतीचे ते लाल बदाम एका चिठ्ठीखाली जमत होते. चिठ्ठी कागदाची नव्हती, टीव्हीच्या काचेत उमटलेली होती, पिवळी आणि चौकोनी. तिच्यावर लिहिलं होतं, ‘मान्सूनचे वारे उजवीकडे का वळतात हे मला सहावीपासून कळलेलं नाही. सर विचारतात कळलं का, तेव्हा आम्ही सगळे हो म्हणतो, कारण त्यांना बरं वाटतं.’ खाली नाव नव्हतं. नाव घालू नका असं सरांनीच बजावलं होतं, कारण फरहीन मॅडमनी तसं बजावायला सांगितलं होतं. बाकीच्या अडतीस चिठ्ठ्या अगदी गुणी होत्या. ‘सर्व समजले’, ‘सर छान शिकवतात’, ‘भूगोल माझा आवडता विषय आहे’, एकावर तर भूगोलाशी काहीच संबंध नसताना नुसतं ‘धन्यवाद’. त्यांच्याखाली एकही बदाम नव्हता. सतराचे चोवीस झाले. एकोणचाळीस डोकी एकोणचाळीस टॅबांवर वाकलेली होती आणि कुणी हसत नव्हतं. हसले असते तर बरं झालं असतं, हसणाऱ्या वर्गाला गप्प कसं करायचं हे सरांना चांगलं ठाऊक होतं. तेहतिसावर बदाम थांबले. “छान, छान,” असं म्हणून सरांनी डस्टर उचललं, पुसायला काहीच नाही हे लक्षात आल्यावर ते परत ठेवलं, आणि तास संपायला बारा मिनिटं बाकी असताना ते वर्गाबाहेर पडले.

खरं म्हणजे हे सगळं विरोध करायच्या तयारीत घडलं होतं. शनिवारी पन्हाळ्यावर शिक्षकांची कार्यशाळा होती आणि तिथं ‘मोफत ऑनलाइन साधने : एका शिक्षकाचे मत’ या विषयावर शाळेतर्फे कुणीतरी दहा मिनिटं बोलायचं होतं. मुख्याध्यापक अमरसिंह सरांनी नेर्लेकरांचं नाव दिलं, कारण शाळेत मत असलेला माणूस तेवढा एकच होता, बाकीच्यांना कामं होती. मत त्यांच्याजवळ तयारच होतं. एकही साधन न वापरता त्यांनी आठ मुद्दे काढले होते. फुकट वाटणारा माणूस दारात पाय ठेवण्यासाठी वाटतो, तेलाच्या बाटलीबरोबर कंगवा देणाऱ्यासारखा, हा पहिला मुद्दा. साधनं हजार पण वर्गात प्लग दोन, हा कार्यशाळेत टाळ्या घेणारा मुद्दा, तो त्यांनी मध्यावर ठेवला होता. मग लॉटरीसारखा आवाज करून मुलांना बक्षीस देणारे ते खेळ, ज्यात बरोबर उत्तरापेक्षा लवकर उत्तराला जास्त गुण. भूगोलात घाई करणारा माणूस कुठं पोचतो ते सांगायला त्यांच्याजवळ एका होडीची गोष्ट होती. पण फरहीन मॅडम म्हणाल्या, सर, एकदा वापरून तरी बघा, नाहीतर लोक विचारतील. विज्ञानाच्या या मॅडम शाळेत आल्याला दोन वर्षंही झाली नव्हती आणि माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेले टॅब कपाटातून बाहेर काढणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांनीच सरांचं खातं उघडून दिलं, चिठ्ठ्या लावायची ती ऑनलाइन ‘भिंत’ करून दिली आणि प्रश्नही सुचवला : भूगोलात तुम्हाला काय कळलेलं नाही? सरांना प्रश्न आवडला होता. भिंत कोरी राहील आणि तो नववा मुद्दा होईल असा त्यांचा हिशेब होता.

त्यांचा खरा मुद्दा मात्र आठवा होता आणि तो ते कुणाला नीट समजावून सांगू शकत नव्हते. ऑनलाइन लिहिताना मुलाचा हात दिसत नाही, एवढंच त्यांनी कागदावर लिहिलं होतं. सरांना अक्षर ओळखता येत असे. म्हणजे सगळ्यांनाच थोडंफार येतं तसं नव्हे, सरांचं अक्षर ओळखणं ही शाळेतली दहशत होती. पंधरा वर्षांपूर्वी शाळेच्या मागच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं तेव्हाच्या मुख्याध्यापकांविषयी एक ओळ लिहिली, तर नेर्लेकर सर तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, “दहावी ‘क’. खिडकीजवळचा तिसरा बाक.” तो मुलगा आता पोलिसात आहे आणि रस्त्यात भेटला की गणवेशातसुद्धा सरांना बिचकून नमस्कार करतो. अक्षरावरून सरांना बाकीचंही कळायचं. कुणाच्या घरी पाहुणे आहेत, कुणी रात्री जागून लिहिलंय, कुणाला ताप येणार आहे. वह्या तपासणं हे लोकांना कंटाळवाणं वाटतं. सरांना त्या ढिगाऱ्यात बसलं की गल्लीतून फेरी मारल्यासारखं वाटायचं, प्रत्येक दारात कुणीतरी ओळखीचं. आणि आज टीव्हीवर एकोणचाळीस जण एकाच छापील हातानं लिहीत होते. ते वाक्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत होतं आणि त्याला चेहराच नव्हता.

“मॅडम, ही चिठ्ठी कुणाची ते कुठं दाबलं की कळतं?” शिक्षकांच्या खोलीत त्यांनी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

फरहीन मॅडम डबा उघडत होत्या. “कळत न्हाय, सर. तसंच ठेवलंय ते.”

“फुकटच्यात कळत नसेल. पैसे भरले तर?”

“पैसे भरून बी न्हाय.” त्यांनी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं. “चांगलंच झालं की, सर. माझ्या भिंतीवर बघा, दोन महिने झाले, ‘मॅडम पंखा लावा’ ह्याच्यापलीकडं कोण काय लिहीत न्हाय. तुमच्या पोरांनी पहिल्या दिवशी खरं लिवलं.”

खरं, हा शब्द सरांना आवडला नाही. त्यांनी चहा अर्धा टाकला, नववी ‘ब’च्या वह्या उचलल्या आणि वाचनालयाच्या कोपऱ्यात जाऊन बसले. संशयित मोजकेच होते. सम्राट नसणार, सम्राटनं आयुष्यात सलग दोन वाक्यं लिहिलेली नव्हती. त्याचं सगळं लक्ष पायातल्या फुटबॉलात. धैर्यशीलला तक्रार करायची हौस होती, पण धैर्यशील ‘आम्ही सगळे’ म्हणणाऱ्यातला नव्हता, त्याच्या तक्रारीत फक्त धैर्यशील असायचा. आणि तेजस्वी असणं शक्य नव्हतं. तेजस्वी पहिल्या बाकावर बसायची आणि मान डोलवायची. सर शिकवत जायचे ते तिच्या मानेकडे बघत. ती डोलली की पुढचा परिच्छेद. वर्गाचं काय चाललंय हे त्यांना दोन वर्षं त्या एका मानेवरून कळत आलं होतं. ती तेजस्वी असेल, हा विचार त्यांनी बाजूला सारला. त्यांनी वह्या उघडून मान्सूनच्या आकृतीचं पान काढलं. ज्याला कळलेलं नाही त्याचा बाण कुठंतरी अडखळला असेल, रेघ थरथरली असेल, खोडलं असेल. हात खोटं बोलत नाही. पहिल्या वहीत बाण विषुववृत्त ओलांडून डौलानं उजवीकडे वळला होता. दुसऱ्या वहीतही. सम्राटचा बाणसुद्धा, बाकी सगळं पान गचाळ असताना, तेवढा बाण देखणा होता. एकोणचाळीस वह्या, एकोणचाळीस बाण, सगळे सारखे वळलेले, टोकं भरलेली, एकही अडखळ नाही. सरांनी ते ओळखले. ते त्यांचे स्वतःचे बाण होते. मुलांनी बाणाबरोबर सरांचा हातही उतरवून घेतला होता. शेवटची वही मिटल्यावर त्यांना पहिल्यांदा, कुणी कानात बोलावं इतकं स्पष्ट, वाटलं की ज्याला कळलेलं नाही त्याचा बाण असाच येतो.

कारण त्यांना स्वतःलाही कळलेलं नव्हतं. हे त्यांनी कधी स्वतःला सांगितलं नव्हतं एवढंच. रंकाळा तलावाच्या कडेनं स्कूटर हळू चालवत घरी येताना ते ही गोष्ट दातात अडकलेल्या तुसासारखी जिभेनं चाचपत राहिले. पृथ्वी फिरते म्हणून वारे वळतात, हे वाक्य त्यांनी अठ्ठावीस वर्षं, वर्षाला चार तुकड्या, असं सांगितलं होतं. पण पृथ्वी फिरते तर त्यात वाऱ्याला वळायला काय झालं? स्कूटरवर बसलेला माणूस काय उजवीकडे वळतो? त्यांना कुरुंदवाडची शाळा आठवली. शेणानं सारवल्याचा वास, आणि गणपतराव मास्तर फळ्यासमोर. मास्तरांनी बाण काढला, मागं वळले, कपाळावर घामात खडू मिसळलेला, आणि म्हणाले, “कळलं का रं, बाळ्या?” बाळ्याला काहीही कळलं नव्हतं. पण मास्तर सकाळपासून उभे होते, त्यांचा आवाज बसला होता, आणि त्यांच्या डोळ्यांत एवढी आशा होती की नाही म्हणणं म्हणजे त्यांचं देणं बुडवणं झालं असतं. “व्हय, मास्तर,” तो म्हणाला, आणि मास्तरांचा चेहरा असा काही उजळला की बाळ्याला त्या दिवसापासून भूगोल आवडायला लागला. पुढं बी.एड.च्या पाठ परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका तोच प्रश्न विचारला होता, वारे का वळतात? बाळासोंनी उत्तर न देता रंगीत खडू घेतले आणि फळ्यावर असे बाण काढले की परीक्षक खुर्चीतून उठून जवळ आले आणि “वा” म्हणाले. मग नोकरी, मग सत्कार, मग जिल्ह्यात नाव, नेर्लेकरांचे बाण. आता पंचावन्नाव्या वर्षी त्यांच्या मनात आलं की गणपतराव मास्तरांना तरी ठाऊक होतं का? की त्यांनीही कुणाला तरी बरं वाटावं म्हणून होकार दिला होता? किती पिढ्या मागं जावं म्हणजे ज्याला खरंच कळलं होतं असा माणूस भेटेल, याचा त्यांना अंदाज येईना. एका म्हशीनं रस्ता अडवला तेव्हा ते थांबले आणि म्हैस गेल्यावरही थोडा वेळ थांबूनच राहिले.

घरी बायको भिशीला गेली होती. सरांनी फोन उघडला, भिंत काढली. चिठ्ठीच्या कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं. ते दाबलं की चिठ्ठी नाहीशी, एवढं मॅडमनी शिकवलं होतं. त्यांनी बोट त्याच्यावर नेलं. पण तेहतीस बदामसुद्धा जातील, आणि उद्या तेहतीस जणांना कळेल की गेले. बोट परत आलं. खाली ‘अधिक’चं चिन्ह होतं, नवी चिठ्ठी लावायला. आपणही लिहावं, असं त्यांना का वाटलं हे सांगणं अवघड आहे. थोडी खोडी होती त्यात, थोडी जिरवाजिरवी, की बघू तर या भिंतीला मीसुद्धा ओळखू येतो का. आणि त्याच्या तळाशी एक साधी तहान होती, एकदा तरी न घाबरता लिहून बघायची. त्यांनी एका बोटानं, शब्द शोधत, लिहिलं, ‘मलासुद्धा कळलेलं नाही. पहिल्यापासूनच नाही.’ मग ओळख लपावी म्हणून खाली काळजीपूर्वक लिहिलं, ‘एक विद्यार्थी’. आणि लावून टाकलं. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी स्वतःच्या हातानं चहा केला आणि त्यात आलंही ठेचून घातलं.

बुधवारी सकाळी फाटकातच काहीतरी वेगळं होतं. मुलं नमस्कार करत होती, पण नेहमीपेक्षा हळू, आजारी माणसाला करतात तसा. फरहीन मॅडम जिन्यात उभ्याच होत्या.

“सर, काल संध्याकाळी तुम्ही भिंतीवर चिठ्ठी लावली.”

“मी? छे. कुणी लावली?”

“ती ‘एक विद्यार्थी’.”

“मग ती विद्यार्थ्याची असणार. माझी कशावरनं?”

मॅडमनी एकवार जिन्याकडे बघितलं, मग छताकडे. “वर फोटो हाय की, सर.”

फोटो होता. भिंतीच्या मालकाची चिठ्ठी नावासकट लागते, हे सांगायचं मॅडमच्या राहून गेलं होतं. ‘बाळासो द. नेर्लेकर’, आणि शेजारी गोल चौकटीत तालुक्याच्या सत्कारातला फोटो, खांद्यावर शाल, हातात नारळ. त्या नारळवाल्या माणसानं खाली सही केली होती, एक विद्यार्थी. सरांनी भिंतीला, म्हणजे जिन्याच्या खऱ्या भिंतीला, हात टेकला. किती जणांनी बघितलं असेल हे विचारायची गरज नव्हती. अठ्ठावीस वर्षं कोळशाच्या ओळींवरून दुसऱ्यांना पकडणारा माणूस स्वतःच्या फोटोखाली सापडला होता. तेवढ्यात अमरसिंह सरांनी त्यांना आत बोलावलं. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. वाईट बातमीला चांगलं नाव देणं ही त्यांची कला होती.

“मी दोघा-तिघांना सांगून टाकलंय,” ते म्हणाले, “की सरांनी मुद्दाम लिवलं. पोरांना बोलतं करायला. नवीन पद्धत हाय. तुम्ही शनिवारी पन्हाळ्यावर हेच सांगा, लोक उठून टाळ्या वाजवतील.”

सुटकेचं दार इतकं रुंद उघडलं की सरांना डोळ्यांत पाणी येतंय की काय असं वाटलं. मुद्दाम लिहिलं. वाक्य सोपं होतं, आणि खोटं म्हणावं असंही पक्कं खोटं नव्हतं. चौथ्या तासाला नववी ‘ब’कडे जाताना त्यांनी ते चार वेळा मनात म्हणून बघितलं. मुलांनो, ती चिठ्ठी मी मुद्दाम लिहिली. चौथ्या वेळी ते खरंच वाटायला लागलं. वर्ग उभा राहिला, बसला. सरांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, घसा साफ केला. आणि पहिल्या बाकावर तेजस्वीची मान डोलली. त्यांनी अजून एक शब्दही उच्चारला नव्हता. ती आधीच हो म्हणत होती, जे काही ते सांगतील त्याला, कुणाला तरी बरं वाटावं म्हणून, आणि तिच्या चेहऱ्यावर तीच काळजी होती जी कुरुंदवाडच्या त्या वर्गात बाळ्याच्या चेहऱ्यावर असली पाहिजे. सरांना त्या मानेचं फार वाईट वाटलं. दोन वर्षं ते तिच्यावर भार टाकत आले होते.

“मान थांबव जरा, बाळ,” ते म्हणाले. मग वर्गाकडे बघून म्हणाले, “ती चिठ्ठी माझी हाय. मला खरंच माहीत न्हाय. वारं उजवीकडं वळतंय हे माहीत हाय. का वळतंय ते न्हाय.”

मग धैर्यशील म्हणाला, “मग आता, सर?”

मग आता हे सरांनाही ठाऊक नव्हतं. पृथ्वीचा गोल मुख्याध्यापकांच्या खोलीत प्लॅस्टिक न काढता ठेवलेला होता आणि त्याच्यावर खडू लावायची कुणाची छाती नव्हती. “गोल काहीतरी पाहिजे,” ते म्हणाले. सम्राटनं बाकाखालून फुटबॉल काढला. शाळेत फुटबॉल आणायला बंदी होती, आणि ती बंदी नेर्लेकर सरांनीच घातली होती. चेंडू हातात आल्यावर सरांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा सम्राटकडे बघितलं, आणि बंदीविषयी नंतर बोलू असं ठरवलं. हवा भरायचं भोक उत्तर ध्रुव झालं. सम्राटनं चेंडू वर एक आणि खाली एक तळवा लावून धरला. पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवायचा तर कुठल्या बाजूला, यावर चार मिनिटं गेली. आकृतीत पूर्व कुठं असते ते सगळ्यांना पाठ होतं, चेंडूवर ती कुणाला सापडेना, आणि पेठापेठांच्या फुटबॉल संघांची भांडणं पूर्वेपर्यंत येऊन पोचली.

“तू हळू फिरव,” सर म्हणाले. “तेजस्वी, तू ह्या भोकापासनं खडूनं रेघ ओढत सरळ खाली ये. वाकडी करू नको. फूटपट्टी लाव पाहिजे तर.”

तेजस्वीनं जीभ दातात धरून रेघ ओढली. सम्राटनं चेंडू थांबवला. रेघ वाकडी होती. भोकापासून निघून ती लांब बाक घेत बाजूला गेली होती.

“सरळ ओढ म्हटलं की, गं.”

“सरळच ओढली, सर. हात बघत होता न्हवं तुम्ही.”

बघत होते. तिचा हात सरळच आला होता, रेघभर इकडे तिकडे नाही. सरांनी चेंडू हातात घेतला. हात सरळ आणि रेघ वाकडी. त्यांनी दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा बघताना त्यांना उमगलं. वारा वळतच नाही. वारा बिचारा सरळ चाललाय, खालची जमीन सरकतेय. एवढंच. इतकं साधं, आणि ते त्यांना पंचावन्नाव्या वर्षी एका जप्त करायच्या चेंडूवर दिसत होतं. गणपतराव मास्तरांना हे दाखवायला मिळालं असतं तर, असं त्यांच्या मनात आलं.

“पण ही डावीकडं गेली,” धैर्यशीलनं तक्रार नोंदवली. “पुस्तकात उजवीकडं दिलंय.”

गोंधळ उडाला. तेजस्वी चेंडूकडे बघत राहिली, मग पाठमोरी झाली, आणि खाली जाणाऱ्या वाऱ्यासारखी हात पुढं करून उभी राहिली. “वाऱ्याच्या जागनं बघा की,” ती म्हणाली. “त्येचं तोंड खाली हाय. मग त्येचा उजवा हात तिकडंच येतोय.” एकोणचाळीस मुलं आणि एक शिक्षक पाठमोरे होऊन आपापले उजवे हात तपासू लागले. दारावरून जाणारे अमरसिंह सर थबकले, आत बघितलं, आणि काही न विचारता पुढं गेले.

सर अजून फळ्याकडे तोंड करूनच उभे होते, एका हातात चेंडू, दुसऱ्यात खडू, तेव्हा मागून कुणीतरी बोललं. आवाज फार वर चढलेला नव्हता.

“पण सर, हे वरनं खाली आलं. मान्सूनचं वारं खालनं वर येतंय. मग ते का वळतंय?”

सरांना कळलं की चिठ्ठी लिहिणारं माणूस हेच. ज्याला सहावीपासून खुपतंय तेच असं विचारणार. मागं वळायचा अवकाश, चेहरा दिसला असता, नाव कळलं असतं, आणि मग आयुष्यभर त्या चेहऱ्याकडे बघताना तेहतीस बदाम आठवले असते. मान आपोआप वळायला निघाली होती. त्यांनी ती धरून ठेवली.

“माहीत न्हाय,” ते म्हणाले, आणि तो शब्द तोंडातून इतका सहज गेला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. “ये, ओढून बघ.”

बाक सरकल्याचा आवाज झाला. पावलं रांगेतून पुढं येऊ लागली. सरांनी मागं न बघता खडूचा हात पाठीमागं धरला, आणि कुणीतरी तो खडू घेतला.